तिसऱ्या लूमचं लंगडणं

प्रत्येक प्रवास हा अखेर स्वतःचाच शोध असतो, असं प्रवासवर्णनाच्या पहिल्या पानावर लिहायची पद्धत आहे. मीही लिहिलं असतं. पण माझे वडील जपानमध्ये तीन आठवडे राहिले आणि एवढ्या काळात त्यांनी स्वतःचा शोध घेतल्याचं माझ्या पाहण्यात नाही. ते धोट्याची लूम शोधत होते. स्वतः कुठे आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं: तोक्योच्या पूर्वेला, मुलीच्या नवव्या मजल्यावरच्या दीड खोलीत, जिथे पापड वाळत घालायला गच्ची नाही.

नानांनी सदतीस वर्षं सुरतेत लूमच्या खात्यांत, म्हणजे कारखान्यांत काढली. शेवटची वीस वर्षं ते जॉबर होते. लूम बिघडली की कारागीर ज्याला हाक मारतात, तो जॉबर. हाक म्हणजे हातवारे, कारण शंभर लूमच्या खडखडाटात आवाजाचा उपयोग नसतो. नाना लूमजवळ जाऊन डोळे मिटायचे, ऐकायचे आणि दुखणं कुठे आहे ते सांगायचे. या कौशल्यानं त्यांना अख्ख्या लिंबायत-गोडादऱ्यात नाव मिळवून दिलं आणि त्याच खडखडाटानं त्यांचे कान नेले. एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं घेतलं, असं कुणी कीर्तनात सांगितलं असतं. आई एवढंच म्हणायची, "बहिरा झाला."

नानांना ते मान्य नव्हतं. "मले मशीन आयकू येस," ते म्हणत. "माणसं नही येतस. त्यामा नुकसान काय?"

आईला विमानाची भीती नव्हती, पण तीन आठवडे एका खोलीत ओरडून बोलायची तयारीही नव्हती. म्हणून तिनं नानांना एकट्याला पाठवलं, आणि सोबत कळण्याचं पीठ, तीन पिशव्यांत गुंडाळलेला लाल ठेचा आणि एक हुकूम: परत येताना यांच्या कानात यंत्र असलं पाहिजे.

हुकूम ऐकून (मी वहीत लिहून दाखवला तेव्हा) नानांनी पैज लावली. चालू लूमजवळ डोळे मिटून उभं राहायचं. तिचा दोष नुसत्या कानानं ओळखला, तर कानयंत्राचा विषय पुन्हा कुणी काढायचा नाही. आईनंसुद्धा. नाही ओळखला, तर दोन्ही कानांत यंत्र. पण लूम धोट्याचीच हवी, म्हणजे लाकडी धोटा आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो ती. हल्ली सुरतेत पाण्याच्या फवाऱ्यानं धागा फेकणाऱ्या लूम आल्या आहेत, त्यांना नाना लूम म्हणत नाहीत; त्या बागेला पाणी घालतात म्हणे.

"मग ही पैज सुरतेत का नाही लावलीत?" मी लिहून विचारलं. त्यांच्या खात्यातल्या लूम भंगारात गेल्या होत्या, पण शहरात धोट्याची खाती अजून पुष्कळ आहेत.

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले आहे. जॉबर दुसऱ्या जॉबरच्या खात्यात जाऊन लूम ऐकत नाही. दुसऱ्याच्या घरी जाऊन भाजी ढवळल्यासारखं होतं ते. परदेशात चालतं. तिथे आपल्याला कुणी ओळखत नाही.

तेव्हा माझ्या हाताशी तीन शनिवार होते. फुजीचा पहाड, देवळं, ते प्रसिद्ध चौकातलं झेब्रा क्रॉसिंग, सगळं मी वहीतून खोडलं.

किर्यू

आसाकुसाहून गाडीनं पावणेदोन तास. किर्यू हे एकेकाळचं रेशमाचं गाव. तिथल्या जुन्या खात्यांची छपरं करवतीच्या दात्यांसारखी आहेत. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि तोंड उत्तरेला, म्हणजे ऊन अंगावर न येता दिवसभर सारखा उजेड मिळतो आणि कापडाचा रंग खरा दिसतो. नाना रस्त्यातच थांबून छप्पर बघत राहिले. आमच्याकडे खात्यात ट्यूबलाइट असते आणि ती मालक आल्यावर लावतात.

छपराखाली लूम नव्हत्या. बेकरी होती.

पावाचा वास, लाकडी टेबलं, चिमट्यानं पाव उचलून ट्रेमध्ये ठेवणारी मंडळी. सगळं इतकं नीटनेटकं की आवाज म्हणून फक्त चिमट्यांचा. मला परत फिरावंसं वाटलं. नाना मात्र खाली वाकून फरशी बघत होते. सिमेंटमध्ये बोल्टांची बुजवलेली भोकं होती. ते एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत पावलं टाकत निघाले. "आठे एक. आठे दुसरी." ट्रे घेतलेली माणसं त्यांच्यासाठी वाट सोडत, माना लववत. सतरा, अठरा. चोविसाव्या लूमच्या जागी केकचं कपाट होतं. नाना दोन रांगांच्या मधोमध जाऊन उभे राहिले. जॉबर जिथे उभा राहतो, तिथे.

बेकरीवाल्या बाई आल्या. काय हवंय, असं त्यांनी विचारलं, आणि या देशात तसं विचारतात तेव्हा त्यांना खरोखर जाणून घ्यायचं असतं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, सासऱ्यांच्या लूम होत्या, बरोबर चोवीस. बंद झाल्यावर बाहेरच्या देशांत विकल्या गेल्या. काही भारतातही गेल्या, असं ऐकलं होतं.

मी नानांच्या कानाशी जाऊन ते ओरडून सांगितलं. चिमट्यांचा आवाज थांबला.

नाना म्हणाले, "मंग त्या भंगारमा जातांना मी देखेल शेतस."

याचं भाषांतर मी केलं नाही. बाईंनी आम्हाला लाल चवळीसारख्या कडधान्याच्या गोड सारणाचे दोन पाव फुकट दिले. नानांच्या मते ती पुरणपोळीच होती, फक्त फुगवलेली आणि तुपाविना.

दोरीच्या अलीकडे

दुसऱ्या शनिवारी मी फसले नाही. आधी फोन करून विचारलं: तुमच्या संग्रहालयात धोट्याची लूम आहे का? आहे. चालते का? चालते.

चालत होती. पांढरे हातमोजे घातलेला एक अतिशय सभ्य गृहस्थ आला, त्यानं आमच्यापुढे या यंत्राचं मानवी संस्कृतीतलं स्थान पाच मिनिटं सांगितलं, मान लववली आणि बटण दाबलं. लूम वीस सेकंद चालली. मग त्यानं बटण पुन्हा दाबलं आणि पुन्हा मान लववली.

नानांनी नुकतेच डोळे मिटले होते. त्यांनी उघडले.

"काय झायं?"

"झालं," मी म्हटलं.

"हाई चालनं नही," नाना म्हणाले. "हाई रामराम शे."

त्यांनी दोरीपलीकडे हात घालून लूमच्या चौकटीवर तळवा ठेवला, गुरांच्या पाठीवर ठेवतात तसा. कुठेतरी घंटी वाजू लागली. नानांना ती अर्थातच ऐकू आली नाही. दोन माणसं धावत आली आणि आमच्यापासून चार पावलांवर थांबून विनंती करू लागली. ती विनंती मला समजत होती आणि नानांना दिसत नव्हती, कारण त्यांची पाठ होती. शेवटी मी त्यांची बाही धरून ओढली. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "थंडी शे. बरीच वर्षं बंद शे ती."

"हे कानानं कळलं?" मी त्यांच्या कानाशी ओरडले.

"हातनं," ते म्हणाले. हे पैजेत धरता येणार नाही, हे त्यांनीच कबूल केलं. नाना हट्टी आहेत, लबाड नाहीत.

त्या रात्री मी मनाशी ठरवलं की आता संग्रहालयं बस. ज्या लूमवर कुणाचं तरी पोट आहे, अशीच लूम हवी. पुढच्या पाच दिवसांत मी छोट्या विणकर घरांना एकोणीस पत्रं पाठवली. सतरा जणांनी फार सुंदर शब्दांत नाही म्हटलं, एकानं उत्तर दिलं नाही. राहिलेल्या एकानं विचारलं, तुमचे वडील चहा घेतात का?

फुजियोशिदा

फुजीच्या अगदी पायथ्याशी हे गाव आहे. त्याच्या मुख्य रस्त्याच्या टोकाला पहाड असा उभा राहतो की दुकानांच्या पाट्या त्यावर लावल्यासारख्या दिसतात. जगभरची माणसं हे दृश्य टिपायला येतात आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहतात, म्हणून तिथे पाटी घेतलेला पहारेकरी असतो. त्या दिवशी ढग नव्हते. पहाड पायापासून डोक्यापर्यंत दिसत होता, ज्याला इथले लोक नशीब समजतात. नानांनी तो पाहिला, "चांगला शे," म्हणाले आणि पाठ फिरवून एका बंद दुकानाच्या शटरकडे बघू लागले. आत कापडाचे तागे रचलेले होते. माझ्याकडे त्या दिवसाचे अकरा फोटो आहेत. सगळ्यांत फुजी समोर आहे आणि नाना पाठमोरे.

जेवायला त्या गावचा प्रसिद्ध उदोन घेतला. गव्हाच्या शेवया, करंगळीएवढ्या जाड आणि इतक्या घट्ट की चावून जबडा दमतो. दुकानदारानं कारण सांगितलं: पूर्वी इथे बायका लूमवर बसत, त्यांना उठायला सवड नसे, म्हणून दुपारचं जेवण पुरुष करत. त्यांनी कणीक तिंबली ती अशी. नानांनी एक शेवई तोंडात घोळवली आणि म्हणाले, "पुरुषनाच हात शे." वर कोबी आणि मांसाचे तुकडे होते. मांस घोड्याचं आहे असं मी सांगितल्यावर त्यांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. "मी लगीनमा बठेल शे घोडावर," ते म्हणाले आणि तुकडे माझ्या वाटीत टाकले. टेबलावर लाल मिरची, तीळ घालून कुटलेलं एक वाटण ठेवलेलं असतं. नानांनी ते चाखलं, थोडा विचार केला आणि पिशवीतून आपला ठेचा काढला. दुकानदार बघत राहिला. दोघांनी एकमेकांचं चाखलं. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण नानांच्या उशिरा.

चहाचं विचारणाऱ्या वातानाबे यांचं घर गल्लीत होतं. त्या गावात वातानाबे इतके आहेत की पत्ता विचारण्यात अर्थ नसतो; आम्ही आवाजावरून गेलो. म्हणजे मी गेले. नाना माझ्यामागून येत होते आणि मग अचानक पुढे झाले. कोपऱ्यावर त्यांची चाल बदलली. खाटखाट, खाटखाट, धोट्याचा तो आवाज मी लहानपणी झोपेत ऐकला होता, नानांना डबा द्यायला आई मला घेऊन जायची तेव्हा.

मालक पन्नाशीचे. चार लूम, छत्रीचं कापड. काठ सुटत नाही असं कापड धोट्यावरच होतं, म्हणून या लूम अजून आहेत. त्यांच्या आई एक्क्याऐंशी वर्षांच्या, आणि लूम अजून त्याच चालवतात. आजींनी चहा दिला, आमच्याशी गप्पा मारल्या, नानांचं वय विचारलं, चौसष्ट ऐकून "पोरगाच की" म्हणाल्या. मग खात्यात जायला उठल्या. दाराशी एक अरुंद फळी होती आणि तिच्यावर चघळायच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा. आजींनी दोन्ही कानांतून दोन बारीक यंत्रं काढली, डब्यात ठेवली, झाकण दाबलं आणि आत गेल्या.

नाना थांबले. डब्याकडे बघत राहिले. मग आजींच्या मागून आत गेले.

आत बोलणं संपलं आणि काम सुरू झालं. आजी आणि नाना यांच्यात एकही शब्द सामाईक नाही, पण पाच मिनिटांत दोघं हातांनी बोलत होते. धागा तुटला: दोन बोटं जुळवून सोडायची. मोटर थांबव: मूठ खाली ओढायची. नानांनी अंगठा ओठाशी नेऊन पाणी प्यायची खूण केली. आजींनी तीच खूण करून डोळे मिचकावले. त्यांच्याकडे ती साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची असावी.

मग नानांनी मला खूण केली. आता.

ते पहिल्या लूमजवळ उभे राहिले, हात पाठीमागे बांधले, डोळे मिटले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मला कळेना की मला काय हवंय. ते हरले तर त्यांना माणसं ऐकू येतील. जिंकले तर आयुष्यभर एक गोष्ट त्यांची राहील.

पहिली लूम: मान हलवली, ठीक. दुसरी: "तेल मांगी राह्यनी." तिसरीजवळ ते बराच वेळ उभे राहिले. मग डोळे न उघडता म्हणाले, "लंगडी राह्यनी. डावा पाय."

मी मालकांना बाहेर नेऊन विचारलं, तिसऱ्या लूममध्ये काही आहे का? त्यांच्या भुवया वर गेल्या. हो, म्हणाले, तिचा डावा मार, म्हणजे धोट्याला डावीकडून बसणारा फटका, किंचित उशिरा बसतो. पण हे तुम्हाला कुणी सांगितलं?

पैज संपली होती. इथेच आम्ही चहा पिऊन निघायला हवं होतं.

पण आम्ही आत परतलो तर नानांनी उजवा हात पुढे केला होता, तळवा वर. हा हात मला माहीत आहे. सदतीस वर्षांत तो असा पुढे झाला आणि त्यात कुणी पान्हा ठेवला नाही, असं घडलेलं नाही. मालकांनी दातांतून हवा आत ओढली, मान तिरकी केली आणि म्हणाले, "चोत्तो..."

त्याचा शब्दशः अर्थ "थोडंसं". चार वर्षं इथे राहिलेल्या कुणालाही त्याचा खरा अर्थ कळतो. तो "नाही" असा आहे, आणि तोही पक्का. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातानं खूण केली: विचार करतायत.

ही माझी चूक. बाकी सगळं त्यातून झालं.

नानांचा हात तसाच राहिला. पाहुण्याचा पुढे केलेला हात रिकामा ठेवणं मालकांना जमेना. त्यांनी पान्हा दिला. नानांनी मूठ खाली ओढली, आजींनी लूम थांबवली, नाना वाकले आणि एक बोल्ट अर्धा फेरा फिरवला. लूम सुरू झाली. खाटखाट, खाटखाट, दोन्ही पाय सारखे. लंगडणं गेलं, मलाही कळलं. मालकांनी कमरेत वाकून आभार मानले. नानांनी वाकून स्वीकारले. आजी दोघांकडे बघत होत्या आणि हसत होत्या. निघताना नानांनी उरलेला ठेचा त्यांच्या हातात दिला.

गाडीत नाना खिडकीशी बसले. फुजी मागे चालला होता. त्यांनी वळून पाहिलं नाही. मी वहीत लिहिलं: तुम्ही जिंकलात. आईला मी सांगेन.

त्यांनी वाचलं.

"ती म्हातारी खातामा जावाना पहिले काढी ठेवस ना?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"मंग ते लूमसाठे नही. माणसंसाठे शे." त्यांनी वही बंद करून मला दिली. "लई टाक यंत्र. पण डबा पाहिजे. तसाच."

सोमवारी यंत्रं बसवली. डब्यासाठी गोळ्या आम्हाला संपवाव्या लागल्या.

गोडादरा

मी दिवाळीला घरी आले तेव्हा नाना यंत्रं लावून दारात उभे होते. पहिल्याच आठवड्यात त्यांना शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, पंख्याची करकर आणि आई ऐकू आली होती. आई गेली दहा वर्षं स्वयंपाकघरात स्वतःशी बोलायची, मुख्यतः त्यांच्याविषयी, आणि मोकळेपणानं. "तुनी माय एवढं बोलस?" नानांनी मला बाजूला घेऊन विचारलं. तेव्हापासून डब्याचा वापर वाढला आहे. आई म्हणते, खात्यात जाण्यापुरता डबा काढायचा, असं ठरलं होतं. नाना म्हणतात, घर काय कमी खातं आहे?

आल्यागेल्याला ते तिसऱ्या लूमची गोष्ट सांगतात. गल्लीतले जुने कारागीर येतात, पलसाण्याच्या डाइंग मिलमधला मावसभाऊ एकदा खास ऐकायला आला. गोष्टीत आता लूम बारा झाल्या आहेत आणि मालक रडतो.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी वातानाबे यांचं पत्र आलं. सुंदर अक्षर, सोबत पातळ कागदात गुंडाळलेली निळ्या कापडाची वीतभर पट्टी. नाना, आई आणि मी बाहेरच्या खोलीत बसलो आणि मी एकेक वाक्य वाचून मराठीत सांगितलं. थंडी सुरू झाली आहे. पहाडावर बर्फ पडलं आहे. ठेचा तिसऱ्या दिवशी संपला, आई कृती विचारते आहे. आपल्या वडिलांच्या कानाबद्दल आम्हाला अतिशय आदर वाटतो. तिसऱ्या लूमचा डावा मार माझ्या वडिलांनी मुद्दाम उशिरा ठेवला होता, कारण तिच्यावरचा आडवा धागा कच्च्या पिळाचा असतो आणि जोराचा मार त्याला सोसत नाही. तुम्ही गेल्यावर धागा सात वेळा तुटला. बोल्ट आम्ही पूर्ववत अर्धा फेरा मागे घेतला आहे. सगळं पुन्हा बसवायला संध्याकाळचे सात वाजले. मधल्या काळात विणलं गेलेलं कापड छत्रीला चालणार नाही, पाणी गळतं. ते आठवण म्हणून पाठवत आहोत.

मी पत्र खाली ठेवलं. आईनं माझ्याकडे पाहिलं, मग नानांकडे.

नाना सुरुवातीपासून मान डोलवत होते. त्यांनी पट्टी उचलली, उजेडाकडे धरली, काठावरून अंगठा फिरवला.

"आभार मानी राह्यना ना?" ते म्हणाले.

पट्टी आता देव्हाऱ्याशेजारी चौकटीत लावली आहे. पत्र वाचलं त्या वेळी डबा टीव्हीवर होता, यंत्रं आत, झाकण लावलेलं.